परदेशात कार्ड वापरताना मार्कअप कसा वाचवायचा: गोव्यातून पहिल्यांदाच बाहेर जाणाऱ्यांसाठी

मी कळंगुटच्या एका छोट्या गेस्टहाऊसचे हिशेब सांभाळते. सीझनमध्ये परदेशी पाहुण्यांची कार्डे रोज आमच्या मशीनवरून जातात. तरीही २०२४ मध्ये आईला घेऊन पोर्तुगालमध्ये लिस्बनला मावसभावाकडे जाऊन आले आणि क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट हातात पडले, तेव्हा मी हबकलेच. खर्च दोन लाखांच्या आसपास होता, तो ठाऊक होता. पण जवळजवळ प्रत्येक खर्चाखाली आणखी दोन बारीक ओळी होत्या: एक ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ची, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते त्या जादा शुल्काची, दुसरी जीएसटीची. कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली तर आठ हजारांच्या वर गेली. पैसे पुरणार नाहीत म्हणून आम्ही पोर्तोला जायचा बेत सोडला होता. तेवढ्या पैशांत आईला पोर्तो दाखवून आणता आले असते, हे अजून मनाला लागून आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा मार्कअपपोटी एक रुपयाही गेला नाही. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी पोर्तुगाल, इंग्लंड, दुबई, कुवेतला असते आणि त्यांना भेटायला आता आई-वडीलही निघतात. त्यांच्यासाठी हे जास्त करून.

आधी हिशेब समजून घ्या

बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चावर २ ते ३.५ टक्के मार्कअप लागतो. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दहा हजारांच्या खरेदीवर ३.५ टक्क्यांनी ३५० रुपये, वर ६३ रुपये जीएसटी, एकूण ४१३. दोन लाखांवर हेच ८,२६० रुपये होतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा स्वतःचा विनिमय दर वेगळा. तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो आणि त्याची तक्रार करायचे कारण नाही. आपल्याला वाचवायचा आहे तो बँकेचा वरचा थर.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही कार्ड ज्या दिवशी वापरता त्या दिवसाचाच दर लागेल असे नाही. दुकानदाराकडून व्यवहार बँकेपर्यंत पोचायला एक-दोन दिवस जातात आणि दर त्या दिवसाचा धरला जातो. त्यामुळे स्टेटमेंटवरचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर घाबरू नका.

१. हातातल्या कार्डाचा मार्कअप किती, ते शोधा

बँकेच्या वेबसाइटवर प्रत्येक कार्डाचे ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ नावाचे पत्रक असते. त्यात ‘फॉरेन करन्सी ट्रान्झॅक्शन’ किंवा ‘क्रॉस करन्सी मार्कअप’ अशी ओळ शोधा. कार्ड विकायला आलेल्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मला माझ्या कार्डाबद्दल ‘मॅडम, हे ट्रॅव्हल कार्ड आहे’ असे सांगितले होते. ट्रॅव्हल कार्ड म्हणजे विमानतळावरचे लाऊंज आणि विमानाच्या तिकिटावरचे पॉइंट, एवढाच त्याचा अर्थ निघाला. मार्कअप पुरता साडेतीन टक्के होता.

तुमचे कार्ड रुपे असेल तर आणखी एक तपासणी करा. आपल्या सहकारी बँकांची बरीच डेबिट कार्डे फक्त देशात चालणारी रुपे असतात. परदेशात रुपेचे आंतरराष्ट्रीय कार्ड डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी अशा नेटवर्कवरून चालते आणि युरोपातल्या लहान दुकानांत ते चालेलच असे नाही. सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवेच.

२. कोणते कार्ड न्यायचे ते ठरवा

निदान दोन महिने आधी हे ठरवा, कारण अर्ज, केवायसी आणि कुरिअर यांत वेळ जातो. तीन वाटा आहेत.

पहिली, शून्य मार्कअपचे क्रेडिट कार्ड. फेडरल बँकेचे स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्टचे वॉव, आरबीएलचे वर्ल्ड सफारी ही त्यासाठी ओळखली जाणारी नावे. काहींना वार्षिक फी आहे, काहींना नाही. बँका अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पुन्हा ते पत्रक वाचा. माझ्या आईसारख्या पेन्शनवर असलेल्या किंवा पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड सोपे पडते. बँकेत एफडी ठेवायची, तिच्यावर लिमिट मिळते, एफडीचे व्याज चालूच राहते. वॉव कार्ड याच प्रकारचे.

दुसरी, प्रीपेड फॉरेक्स कार्ड. यात युरो, पौंड, डॉलर, दिरहम असे चलन आधीच भरून ठेवता येते. भरताना जो दर मिळाला तो कायम, नंतर रुपया घसरला तरी फरक पडत नाही. यातला मोठा सापळा असा की कार्डात जे चलन आहे त्याच चलनात खर्च केला तरच मार्कअप लागत नाही. कार्डात डॉलर आणि खर्च युरोत झाला, तर बहुतेक कार्डांवर क्रॉस करन्सी शुल्क लागते आणि ते क्रेडिट कार्डाइतकेच जड असू शकते. वाटेत दुबईत थांबणार असाल आणि कार्डात फक्त युरो असतील, तर तिथल्या विमानतळावरचा चहासुद्धा या शुल्कात सापडेल.

तिसरी, शून्य मार्कअपचे डेबिट कार्ड. निओसारखी ॲप भागीदार बँकेच्या खात्यावर असे कार्ड देतात. खात्यात रुपये ठेवायचे आणि खर्च होईल तसे रूपांतर होते.

माझे मत विचाराल तर आठ-पंधरा दिवसांच्या सहलीला एक शून्य मार्कअपचे क्रेडिट कार्ड आणि रोख काढण्यासाठी एक फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड पुरे. दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. आम्ही एक माझ्या पर्समध्ये आणि एक आईच्या कमरेच्या पिशवीत ठेवले होते. लिस्बनची अठ्ठावीस नंबरची ट्राम खिसेकापूंसाठी बदनाम आहे, तिथे चढताना या वाटणीने जिवाला थोडे स्वस्थ वाटले.

ज्यांच्याकडे वरच्या दर्जाचे कार्ड आहे, २ टक्के मार्कअपचे पण परदेशी खर्चावर भरपूर पॉइंट देणारे, त्यांनी आधी गणित मांडावे. जीएसटीसह २.३६ टक्के जातात. पॉइंटांची खरी किंमत त्याहून जास्त भरत असेल आणि तुम्ही ते पॉइंट खरोखर वापरत असाल, तर नवे कार्ड घ्यायची गरज नाही.

लागणारी कागदपत्रे

क्रेडिट कार्डासाठी पॅन, आधार, उत्पन्नाचा पुरावा किंवा एफडी, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर. फॉरेक्स कार्डासाठी पासपोर्ट, पॅन, व्हिसा, जाण्यायेण्याचे तिकीट आणि बँक किंवा मनी चेंजर भरून घेतो तो ए-टू फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज).

गोव्यात एक अडचण नेहमीची आहे. आपले पत्ते वाड्याच्या नावाने आणि घर नंबराने असतात, नवख्या कुरिअरवाल्याला घर सापडत नाही आणि कार्ड परत जाते. अर्जात देवळाची, शाळेची, पंचायतीची खूण लिहा आणि फोन उचला. काही कार्डे ठरावीक पिनकोडवरच देतात, तेव्हा अर्जाआधी आपला पिनकोड टाकून पाहा. आमच्या गावाला एका बँकेचे कार्ड मिळत नव्हते, म्हापशाच्या पत्त्यावर मिळाले.

३. निघण्याआधी कार्ड ‘उघडा’

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनसाठी चालू असते. परदेशी वापर तुम्हालाच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. तिथे स्वाइप, टॅप, ऑनलाइन आणि एटीएम यांची वेगवेगळी बटणे असतात. चारही पाहा. प्रत्येकाची रोजची मर्यादा पण तिथेच ठरवता येते.

पिन घरीच बदलून एकदा आपल्या गावच्या दुकानात वापरून पाहा. आईला नवा पिन पाठ होईपर्यंत मी तिला रोज म्हापशाच्या बाजारात कार्डानेच सामान घ्यायला लावले. मोपा विमानतळावर बॅग चेक-इन झाल्यावर हे आठवून उपयोग नाही.

भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी आणि खर्चाचे एसएमएस त्यावरच येतात. इथे एक धोका सांगते. परदेशी वेबसाइटवर कार्ड वापरताना पुष्कळदा ओटीपी मागतच नाहीत. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. म्हणून तिकिटे-हॉटेल बुक झाले की परदेशी ऑनलाइनचे बटण बंद करून टाका, लागेल तेव्हा दोन मिनिटांत पुन्हा चालू करता येते.

४. मशीनने ‘रुपये की युरो?’ विचारले तर

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आमच्या गेस्टहाऊसच्या मशीनवर ब्रिटिश पाहुण्याचे कार्ड घातले की पडद्यावर दोन आकडे येतात, एक रुपयांत आणि एक पौंडांत. पाहुण्याला पौंडाचा आकडा ओळखीचा वाटतो आणि तो तिथेच बोट ठेवतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. पाहुण्याने पौंड निवडले की रूपांतर त्याची बँक किंवा व्हिसा करत नाही. ते मशीनमागची कंपनी करते, दर तीच ठरवते, आणि त्या दरातल्या फायद्याचा एक वाटा दुकानदाराला मिळतो. आमच्याकडे तो वाटा महिन्याकाठी जमा व्हायचा आणि खातेवहीत त्याची नोंद मी स्वतः करायचे.

आणि तरी लिस्बनमध्ये मी तिथेच अडकले. अल्फामाच्या चढावर एका छोट्या खानावळीत आम्ही भाजलेले तारले खाल्ले, आईला ते घरच्यासारखे लागले. बिल ६२ युरो. वेटरने मशीन पुढे केले. पडद्यावर वर युरो, खाली रुपये ५,९३०. मी चष्मा शोधत होते, तोवर त्यानेच हसत खालचे बटण दाबले आणि म्हणाला, तुमच्याच पैशांत, सोपे. व्हिसाच्या दराने ते बिल ५,६०० च्या आसपास व्हायला हवे होते. सव्वातीनशे रुपये तिथेच गेले. त्यावर कहर म्हणजे रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावर माझ्या बँकेनेही शुल्क लावले. म्हणजे एकाच जेवणावर दोनदा भुर्दंड.

म्हणून नियम एकच: ज्या देशात उभे आहात त्या देशाचे चलन निवडा. पोर्तुगालमध्ये युरो, लंडनमध्ये पौंड, बँकॉकमध्ये बाथ. शून्य मार्कअपचे कार्ड असले तरी हा नियम पाळायलाच हवा, कारण रुपये निवडले की त्या कार्डाचा सगळा फायदा दुकानाच्या दारातच संपतो.

प्रत्यक्षात असे करा:

मशीन हातात घ्या, वेटरकडे सोडू नका. कार्ड पुढे करण्याआधीच पोर्तुगीजमध्ये ‘युरो, पोर फावोर’ (कृपया युरोत) म्हणा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. पिन टाकण्याआधी पडद्यावर रुपयाचे चिन्ह किंवा ‘आयएनआर’ दिसते का ते पाहा. दिसले तर थांबा. पावती आली आणि तीत रुपये असले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करायला सांगा. त्याला ‘व्हॉइड’ म्हणतात आणि त्याच दिवशी ते एक मिनिटाचे काम असते. घरी आल्यावर मात्र पावतीवर ‘ग्राहकाने स्वतः निवडले’ असे छापलेले असते आणि बँक हात वर करते.

एटीएमवर हेच आणखी चकवणाऱ्या भाषेत येते. पडद्यावर मोठ्या हिरव्या बटणावर ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि कोपऱ्यात ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ असते. डिक्लाइन दाबले तर पैसेच मिळणार नाहीत असे वाटते. मिळतात. डिक्लाइन म्हणजे फक्त त्यांच्या दराला नकार, व्यवहार पुढे चालू राहतो. दुसऱ्या वेळी मी हे बटण दाबले तेव्हा आई शेजारी श्वास रोखून उभी होती, आणि दोनशे युरो बाहेर आले.

५. रोख पैसे

क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. मार्कअप शून्य असला तरी रोखीचे शुल्क वेगळे असते, साधारणपणे अडीच टक्के किंवा पाचशे रुपये यांपैकी जे जास्त असेल ते. शिवाय बहुतेक कार्डांवर व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. रोखीसाठी फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड वापरा, आणि थोडे थोडे चार वेळा न काढता एकदाच पुरेसे काढा, कारण शुल्क दर वेळेला लागते. थायलंडमध्ये तिथली बँक परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाथच्या आसपास घेते, ते चुकत नाही.

पोर्तुगालमध्ये बँकांच्या दाराशी ‘एमबी’ असे लिहिलेली मल्टीबांकोची, म्हणजे तिथल्या बँकांच्या सामाईक नेटवर्कची, एटीएम मशीन असतात, ती वापरा. पर्यटकांच्या गर्दीत उभी असलेली युरोनेट या खाजगी कंपनीची निळी-पिवळी मशीन टाळा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: तिथल्या बऱ्याच छोट्या दुकानांत फक्त स्थानिक मल्टीबांको कार्ड घेतात, आपले व्हिसा-मास्टरकार्ड नाही. कॉफी-पावापुरते वीस-तीस युरो खिशात ठेवा.

थोडे चलन इथूनच घेऊन जायचे तर विमानतळावर घेऊ नका, तिथे दर पडेल तो घ्यावा लागतो. पणजी, म्हापसा, मडगावला परवानाधारक मनी चेंजर आहेत, दोघा-तिघांना फोन करून दर विचारा आणि पावती घ्या. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकी कार्डात भरावे लागतात.

दुबई, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान इथे काही ठिकाणी यूपीआय चालते, फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटापासून ते सुरू झाले. सोय चांगली आहे, पण पैसे देण्याआधी ॲपवर दिसणारा दर पाहून घ्या, यूपीआय म्हणजे फुकट रूपांतर नव्हे.

६. घरबसल्या केलेले बुकिंगही परदेशी खर्चच

तुम्ही म्हापशात बसून लिस्बनच्या हॉटेलचे युरोत पैसे भरलेत तरी मार्कअप लागतो. म्हणून नवे कार्ड आल्यावरच बुकिंग करा. वेबसाइट आपणहून रुपये दाखवत असेल तर चलन बदलून पाहा. कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर रुपयांत घेतलेल्या पैशांवरही काही बँका १ टक्का शुल्क लावतात, आणि साइटचा दर महाग असतो तो वेगळाच.

‘रद्द केल्यास पूर्ण परतावा’ हे वाचून पुढचा विचार न करता बुक करू नका. परतावा त्या दिवशीच्या दराने येतो आणि कापलेला मार्कअप बहुधा परत मिळत नाही.

७. हॉटेलचे डिपॉझिट

हॉटेल आणि भाड्याच्या गाडीवाले कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. यासाठी क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिले तर तुमचे खरे पैसे कित्येक दिवस अडकतात. गाडीवाले तर बऱ्याचदा प्रीपेड कार्ड घेतच नाहीत, आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे लागते.

८. टीसीएसची भीती

टीसीएस म्हणजे पैसे परदेशी जातानाच आगाऊ कापून घेतला जाणारा कर. ‘कार्ड वापरलेत तर वीस टक्के कर कापतात’ असे मला तिघांनी सांगितले. क्रेडिट कार्डाचा परदेशातला खर्च एलआरएसमध्ये (परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, जिच्यातल्या पैशांवर टीसीएस लागतो) धरायचा निर्णय २०२३ च्या मे महिन्यात झाला होता, पण जूनच्या अखेरीस तो पुढे ढकलला गेला, म्हणून त्या खर्चावर टीसीएस कापत नाहीत. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे मात्र एलआरएसमध्ये मोजले जातात. एप्रिल २०२५ पासून फिरण्यासाठी वर्षाला दहा लाखांपर्यंत त्यावर टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर आहे, आणि तोही विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. आपल्यासारख्यांची सहल दहा लाखांत आरामात बसते.

९. परत आल्यावर

पावत्या फेकू नका. सगळे व्यवहार स्टेटमेंटवर यायला आठवडाभर जाऊ शकतो. प्रत्येक ओळ पावतीशी ताडून पाहा. मार्कअप लागला असेल तर कस्टमर केअरला पत्रकातले कलम दाखवून लेखी तक्रार करा. आईच्या नव्या कार्डावर एका व्यवहाराला चुकून शुल्क लागले होते, ईमेलवर पत्रकाचे पान जोडून पाठवले आणि पुढच्या बिलात ते परत आले.

बिल पूर्ण भरा. एक हप्ता मागे राहिला तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरातले व्याज लागते आणि वाचवलेला सगळा मार्कअप त्यात जातो.

परदेशी वापराची सगळी बटणे बंद करा. फॉरेक्स कार्डात पैसे उरले असतील तर पुढच्या प्रवासाला ठेवता येतात, पण कार्डाची मुदत आणि न वापरल्याचे शुल्क आधी वाचा. २,००० डॉलरपर्यंतचे चलन स्वतःकडे ठेवता येते, त्याहून जास्त उरलेले १८० दिवसांत परत करावे लागते. आमच्या कार्डात ४१ युरो राहिले आहेत. ते तसेच ठेवले आहेत, पुढच्या वर्षीच्या पोर्तोच्या रेल्वेसाठी.